बिऱ्हाडकरूंचे उपनगर : दादर-माटुंग्याची सव्वाशे वर्षे

‘घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून’ ही म्हण आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. मुंबईच्या मध्यमवर्गीय माणसाने ह्या दोहोंपैकी दुसरी गोष्ट नेमाने केली. पहिलीच्या वाटेला मात्र तो दोन-तीन पिढ्या गेलाच नाही. त्याने बिऱ्हाड केले. घर दुसऱ्याने बांधले, भाडे ह्याने भरले, आणि त्या भाड्याच्या दोन खोल्यांत त्याने मुले वाढवली, मुलींची लग्ने लावली, गणपती बसवले आणि शेवटचा श्वासही घेतला. अशा बिऱ्हाडकरूंचे एक सबंध उपनगर मुंबईत उभे राहिले. दादर-माटुंगा हे त्याचे नाव. त्याची कहाणी मी आज आपणांपुढे मांडणार आहे.

मुंबईच्या एका भागाची कहाणी आपण इथे बसून का ऐकावी, असे कोणी विचारील. तिचे कारण असे की, आज तालुक्याच्या गावीही जी चार मजली इमारत, जो जिना आणि जिन्याच्या दोन्ही अंगांना जी बंद दारे दिसतात, त्या राहणीचे पहिले मोठे वळण ह्या भागात पडले. दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे. एखाद्या वस्तीत कोण राहतो, हे जात, भाषा, नोकरी आणि रेल्वेचे स्टेशन ह्यांवरून ठरते असे आपण सामान्यतः समजतो. ते खोटे नाही. पण ह्या सर्वांच्या मुळाशी आणखी एक गोष्ट असते, ती म्हणजे घर कोणत्या करारावर मिळते ही. करार बदलला की वस्ती बदलते. दादर-माटुंग्यात हा करार तीनदा बदलला, आणि तिन्ही वेळा तिथली माणसे बदलली.

आरंभ प्लेगपासून करावा लागतो. १८९६ च्या सप्टेंबरात मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस ह्यांनी प्लेगचे रोगी ओळखले आणि काही महिन्यांतच मुंबई रिकामी होऊ लागली. लक्षावधी माणसे गावाकडे पळाली. १८९१ च्या खानेसुमारीत शहराची वस्ती ८,२१,७६४ होती. १९०१ साली ती ७,७६,००६ भरली. भरभराटीच्या बंदराची वस्ती दहा वर्षांत वाढण्याऐवजी घटावी, ही साधी गोष्ट नव्हे. रोगाचे मूळ अंधाऱ्या, कोंदट खोल्यांत आहे, असे त्या वेळच्या सरकारचे मत झाले. उंदीर आणि पिसवा ह्यांचा संबंध तेव्हा नीटसा उमगलेला नव्हता. पण गर्दी हटवली पाहिजे हे मत पक्के झाले, आणि १८९८ साली कायदा करून बॉम्बे सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट ही संस्था स्थापन झाली.

ट्रस्टचे काम दुहेरी होते. शहराच्या पोटातील दाट वस्त्या पाडून रुंद रस्ते काढायचे, आणि उठवलेल्या व गुदमरलेल्या माणसांसाठी बेटाच्या उत्तरेला नवी जमीन तयार करायची. १८९९-१९०० च्या सुमारास दादर-माटुंगा-शीव ह्या पट्ट्याच्या योजना आखल्या गेल्या. एकट्या दादर-माटुंग्यात सुमारे साठ हजार माणसांची सोय व्हावी असा अंदाज होता. रस्ते आधी, गटारे आधी, दिवे आणि झाडे आधी, आणि घरे त्यानंतर, असा क्रम ठरला. मुंबईत तो नवाच होता. तोवर घरे आधी उठत आणि रस्ता त्यांच्यामधून कशीबशी वाट काढी.

पण ही जमीन ओसाड नव्हती. तिथे भातखाचरे होती, ताडामाडाच्या वाड्या होत्या, आणि त्यांवर जगणारी माणसे होती. १८९४ च्या भूसंपादन कायद्याने ही शेते घेतली गेली. शेत म्हणून जिची किंमत थोडी, तीच जमीन प्लॉट म्हणून आखली की कितीतरी पटींनी महाग होते. ह्या दोन किंमतींमधल्या फरकावर सबंध योजना उभी होती. उपनगराच्या इतिहासात पहिले विस्थापित हे शेतकरी आहेत, हे आपण विसरू नये. पुढे जे घडले त्याचे सूत्रही ह्याच फरकात आहे.

आता पहिल्या कराराकडे वळू. ट्रस्टने घरे स्वतः बांधली नाहीत. आखलेले प्लॉट दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने दिले, आणि घेणाऱ्याने ठराविक मुदतीत, ठराविक नियमांनी इमारत बांधावी अशी अट घातली. मजले किती असावेत, भोवती मोकळी जागा किती सोडावी, खोलीत उजेड कोणत्या कोनातून यावा, इथपर्यंत नियम होते. ज्याच्याजवळ भांडवल होते त्याने प्लॉट घेतला, इमारत बांधली आणि ती भाड्याने दिली. गिरणीतल्या मजुराला आणि गोदीतल्या हमालाला हे भाडे परवडणे शक्यच नव्हते. ज्या गरिबांच्या दाटीमुळे ट्रस्ट जन्माला आला, ते गरीब ह्या नव्या जागेत आलेच नाहीत. त्यांच्यासाठी ट्रस्टने वेगळ्या चाळी बांधल्या. १९२० नंतर डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी इथे २०७ चाळी उभारल्या. ह्यांपैकी नायगावच्या चाळी दादरपासून हाकेच्या अंतरावर आहेत. थोडक्याच वाटचालीत भिंतीआड शौचकूप असलेला ब्लॉक आणि मजल्यावर सामाईक शौचकूप असलेली एकखोली अशी दोन जगे भेटतात. गाव एक, काळ एक. करार मात्र दोन.

मग दादर-माटुंग्यात आले कोण? सरकारी कचेऱ्यांतले, बँकांतले, रेल्वेतले आणि पेढ्यांतले कारकून, शिक्षक, वकील, डॉक्टर. पगार महिन्याचा, हाताशी भांडवल नाही, पण शिक्षण आहे आणि अब्रूची चाड आहे, असा हा वर्ग. गिरगाव, काळबादेवी, ठाकूरद्वार इथल्या चाळींत त्याचा जीव कोंडला होता. तरीही तो एकदम उठून आला नाही. १९१०-१५ च्या सुमारास दादरच्या पुढे म्हणजे वनवासच, असे पुष्कळांना वाटे. त्याला इथे आणले ते गाडीने. १९२५ साली व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला आणि १९२८ साली कुलाबा ते बोरिवली अशा विजेच्या गाड्या सुरू झाल्या. ट्राम दादरपर्यंत येत असे, दादर टी. टी. ह्या नावातले ‘टी. टी.’ म्हणजे ट्राम टर्मिनस. शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४ च्या रात्री धावली. ट्राम गेली, तिचे नाव राहिले.

सिमेंट काँक्रीटचा प्रसार ह्याच सुमाराचा. तळमजला आणि वर दोन-तीन मजले, मजल्यावर दोन-तीन बिऱ्हाडे, आणि प्रत्येक बिऱ्हाडाला स्वतःचे दार, स्वतःची मोरी आणि आतच शौचकूप. ह्याला आपल्या मराठीत ‘ब्लॉक’ हा शब्द पडला. आज शौचकूप घरात असणे ही बाब आपल्याला बोलण्यासारखीही वाटत नाही. पण सोवळेओवळे पाळणाऱ्या घरात स्वयंपाकघरापासून दहा पावलांवर शौचकूप ही कल्पना पचायला वेळ लागला. वाड्यात ते परसात असे, चाळीत सज्जाच्या टोकाला. भंगी येण्याचा मार्ग वेगळा, घरच्यांचा वेगळा. पाण्याची साखळी आणि भुयारी गटार आल्यावर ते घरात आले. जिना मात्र सर्वांचा एक झाला. ब्लॉकच्या बंद दाराने आतले घर खाजगी केले, आणि दाराबाहेरच्या जिन्यावर कोण भेटेल ह्यावरचा ताबा गेला. जातपात जिन्यावर मेली, असे मी म्हणणार नाही. ती दाराआड गेली आणि भाड्याची बोलणी करताना दाराबाहेर डोकावू लागली.

ह्याची साक्ष वस्तीच्या नावांतच आहे. हिंदु कॉलनी, पारशी कॉलनी ही नावे पाहा. ट्रस्टमधले इंजिनिअर मंचरजी एदलजी जोशी ह्यांनी मध्यम स्थितीतल्या पारशांसाठी १०३ प्लॉट राखून घेतले आणि झाडाबागांनी भरलेली ती सुंदर वसाहत उभी केली. माटुंग्याच्या बाजूला मद्रास इलाख्यातून आलेले लघुलेखक, हिशेबनीस आणि टंकलेखक स्थिरावले. गावी ते अय्यर, अय्यंगार, पालघाटचे, तंजावरचे असे निरनिराळे होते. माटुंग्यात एका बाजारात भाजी घेऊ लागले, एका देवळात जाऊ लागले, आणि शेजाऱ्यांच्या लेखी सर्वजण सारखेच ‘मद्रासी’ झाले. त्यांनी स्वतःला ‘साउथ इंडियन’ म्हटले. १९३२ साली साउथ इंडियन एज्युकेशन सोसायटी निघाली, १९४२ साली ए. रामा नायक ह्यांचे उडुपी खानावळगृह स्टेशनाजवळ सुरू झाले. गावी जी ओळख नव्हती ती ओळख भाड्याच्या वस्तीने घडवली, हा ह्या भागाच्या इतिहासातला मला सर्वांत विलक्षण वाटणारा प्रकार आहे.

आणि ह्याच हिंदु कॉलनीत ‘राजगृह’ आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना १९१७ साली बडोद्यात डोके टेकायला जागा मिळाली नव्हती, हे आपण जाणताच. मुंबईत १९१२ पासून १९३४ पर्यंत त्यांचे बिऱ्हाड परळला इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या चाळीत होते. बॅरिस्टर झाले, गोलमेज परिषदांना जाऊन आले, तरी घर चाळीतल्या खोल्यांचे. त्यानंतर ते दादरला स्वतः बांधलेल्या, ग्रंथांसाठी मुद्दाम प्रशस्त ठेवलेल्या घरात राहायला गेले. ह्या थोर पुरुषाने बिऱ्हाड शोधले नाही, घर बांधले, ह्याचा अर्थ श्रोत्यांनी आपल्या मनाशी लावावा. भाडेकरू निवडण्याचा अधिकार मालकाकडे असतो; बांधणाऱ्याला कोणाच्या होकाराची वाट पाहावी लागत नाही.

ह्या पहिल्या कराराच्या काळात, म्हणजे १९२० ते १९४० च्या दरम्यान, भाडेकरूचे पारडे बरेच जड होते. इमारती भराभर उठत होत्या, आणि मंदीच्या वर्षांत रिकामे ब्लॉक पुष्कळ होते. ‘टू-लेट’च्या पाट्या लटकत असत आणि मालक भाडेकरूची मनधरणी करीत, असे जुनी माणसे सांगत आली. न पटल्यास भाडेकरू दोन रस्ते ओलांडून दुसरीकडे बिऱ्हाड हलवी. अशा हिंडत्या माणसांनी सार्वजनिक जीवन मात्र उभे केले. १९२३ साली व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट माटुंग्याला आली. १९३७ साली रुइया आणि खालसा, १९४१ साली पोदार ही कॉलेजे निघाली. पश्चिमेला १९२५ मध्ये खुले झालेले मैदान अवंतिकाबाई गोखल्यांच्या पुढाकाराने १९२७ साली शिवाजी पार्क झाले. १८९८ सालीच, म्हणजे ट्रस्टच्याच वर्षी, स्थापन झालेल्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयाचे मुख्य ठाणेही पुढे दादरला आले. घर आपले नसल्यामुळे की काय, ह्या लोकांनी आपलेपणा शाळेत, वाचनालयात आणि मैदानात ओतला.

दुसरा करार युद्धाने आणला. पहिल्या महायुद्धानंतर भाडी भडकली तेव्हा १९१८ साली एक निर्बंध आला होता आणि पुढच्या दशकात तो मागे पडला. दुसऱ्या महायुद्धाच्या वेळी १९३९ आणि १९४४ चे कायदे आले, आणि त्यांवर कळस म्हणून १९४७ चा मुंबई भाडे नियंत्रण कायदा झाला. १ सप्टेंबर १९४० रोजी जे भाडे होते तेच प्रमाणभूत भाडे धरले गेले. भाडे भरणाऱ्याला मालकाने मन मानेल तेव्हा बाहेर काढू नये, अशी तरतूद झाली. फाळणीनंतर निर्वासितांचे लोंढे आले. शीव-कोळीवाड्याच्या बराकी भरून गेल्या. महागाई चढत होती. त्या घडीला हा कायदा नसता तर लाखो कुटुंबे रस्त्यावर आली असती. त्याचे हे उपकार मान्य करूनच पुढे बोलले पाहिजे.

पण तात्पुरते म्हणून बांधलेले धरण पन्नास वर्षे राहिले. समजा, १९४० साली एका ब्लॉकचे भाडे चाळीस रुपये होते. १९६० साली ते चाळीसच, १९९० सालीही जवळपास तेवढेच. सोने वाढले, पगार वाढले, सिमेंट आणि गवंड्याची मजुरी वाढली. भाडे तेवढे थिजून राहिले. मालकाने दुरुस्ती सोडून दिली. नव्याने भाड्यासाठी इमारत बांधणे हा मूर्खपणा ठरला, आणि दादर-माटुंगा ज्या व्यवहारातून जन्माला आले तो व्यवहारच संपला. ‘टू-लेट’ची पाटी गेली आणि तिच्या जागी पागडी आली. जागा सोडणारा भाडेकरू नव्या भाडेकरूकडून मोठी रक्कम घेई, त्यातला वाटा मालकाला जाई, आणि पावती फक्त चाळीस रुपयांची फाटे. ज्याच्याजवळ पागडीचे पैसे नाहीत अशा नव्या कारकुनाला दादरचे दार बंद झाले. कायद्याने आत असलेल्या भाडेकरूला सांभाळले. बाहेर उभ्या असलेल्या भाडेकरूचा विचार केला नाही.

वस्तीवर ह्याचा परिणाम असा झाला की, बिऱ्हाडे जागच्या जागी खिळली. पूर्वी जो माणूस दर पाच वर्षांनी घर बदली, तो आता पन्नास वर्षे त्याच खोल्यांत राहिला. एका ब्लॉकमध्ये तीन पिढ्या झाल्या, पलंगाखाली गाद्या आणि गॅलरीत अभ्यास सुरू झाला. मग थोरल्या मुलाने तरी बाहेर जागा पाहावी, असे ठरे. तो विलेपार्ल्याला जाई, मुलुंडला जाई, ठाण्याला, डोंबिवलीला जाई. माटुंग्याचा तमिळ मुलगा चेंबूरला जाई. आईवडील दादरला आणि मुले लांबच्या गाडीत, असे कुटुंबांचे नकाशे झाले. १९५० व १९५७ साली मुंबईची हद्द उत्तरेला वाढली त्यामागे ह्या थोरल्या मुलांचीही रांग होती.

इकडे इमारती म्हाताऱ्या होत होत्या. १९६९ साली दुरुस्ती मंडळाचा कायदा आला आणि जुन्या इमारतींवर उपकर बसला. बेटावरच्या अशा उपकरपात्र इमारती १९,६४२ होत्या. त्यांपैकी १६,५०२ ह्या १ सप्टेंबर १९४० पूर्वीच्या. ही तारीख पुन्हा आली, हे आपल्या ध्यानात आले असेल. जिच्यावर भाडे थिजले, तिच्यावरच इमारतीचे वार्धक्य मोजले गेले. डिसेंबर १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जुन्या भाड्याच्या तरतुदी आता न्याय्य राहिल्या नसल्याचे म्हटले. १९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा ३१ मार्च २००० पासून लागू झाला. त्याने एकदा पाच टक्के आणि पुढे दर वर्षी चार टक्के वाढ दिली. मघाचे चाळीस रुपये त्या हिशेबाने पंचवीस वर्षांनी सव्वाशेच्याही आत राहतात.

तिसरा करार मालकीचा. भाड्याने कोणी बांधीना, तेव्हा ‘ओनरशिप’चा ब्लॉक आला. बांधणाऱ्यांकडून होणाऱ्या फसवणुकीला आळा घालण्यासाठी १९६३ साली ओनरशिप फ्लॅट्सचा कायदा करावा लागला, ह्यावरून हा व्यवहार किती झपाट्याने पसरला होता ते दिसते. सहकारी संस्थेची वाट त्याआधीपासून होती. १९१५ साली गावदेवीला सारस्वत को-ऑपरेटिव्ह हाउसिंग सोसायटी स्थापन झाली. श्रीपाद सुब्राव तालमकी ह्यांनी तिच्यासाठी आयुष्य वेचले. तिथल्या मूळ कल्पनेत सभासद हा संस्थेचा भाडेकरूही होता आणि मालकही. विकून नफा काढण्यापेक्षा राहण्याला तिथे मान होता. पुढे संस्था हजारो झाल्या. पण बहुतेकांतून ही मूळ कल्पना गळून केवळ नाव राहिले. जातवार संस्थांमुळे ‘आपल्यातलेच शेजारी’ ही जुनी खोडही नव्या कागदावर उतरली.

१९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने जुन्या उपकरपात्र इमारती पाडून अधिक उंच बांधण्याला सवलत दिली. जुन्या भाडेकरूंना त्याच जागी फुकट घर आणि उरलेली घरे बाजारभावाने विकून बांधणाऱ्याचा खर्च व नफा, असे हे गणित आहे. आज दादर-माटुंग्याच्या रस्त्यांवर तीन मजल्यांच्या शेजारी वीस-तीस मजले उठताना दिसतात. ज्या भाडेकरूने पन्नास वर्षे गळके छत सोसले त्याला शेवटी मालकी मिळते, ह्याचा आनंदच मानला पाहिजे. पण वरच्या मजल्यांवर जो नवा शेजारी येतो तो कारकून नसतो, शिक्षक नसतो. आणि मालकी मिळालेला जुना शेजारीही, मुलांच्या वाटण्या करायच्या म्हणून किंवा दरमहाचा देखभालखर्च झेपत नाही म्हणून, पुष्कळदा घर विकून डोंबिवलीच्या मुलाकडे जातो. २००१ साली मुंबई शहर जिल्ह्याची वस्ती ३३,३८,०३१ होती. २०११ साली ती ३०,८५,४११ भरली. त्याच दहा वर्षांत उपनगर जिल्हा ८६,४०,४१९ वरून ९३,५६,९६२ वर गेला. बेटाची वस्ती अडीच लाखांनी घटली. शंभर वर्षांपूर्वी माणसे प्लेगला भिऊन गेली होती. ह्या वेळी जाण्यामागे कारणे अनेक आहेत, आणि जागेचा भाव हे त्यांतले एक ठळक कारण आहे.

श्रोतेहो, ह्यातून काय घ्यावे? भाडेकरूला निव्वळ बाजारावर सोडावे, असे मी म्हणत नाही. १९४७ ची आठवण त्याविरुद्ध साक्ष देते. भाडे कायमचे गोठवावे, असेही म्हणत नाही. १९,६४२ इमारती त्याविरुद्ध साक्ष देतात. मी एवढेच सांगतो की, दादर-माटुंगा हे जे सुसंस्कृत उपनगर म्हणून आपण नावाजतो, ते घडले अशा काळात की जेव्हा बेताच्या पगाराच्या माणसाला बेताच्या भाड्याने बरे घर मिळत होते, आणि ते देणाऱ्यालाही परवडत होते. त्या माणसाने शाळा काढल्या, वाचनालये चालवली, व्याख्यानांना गर्दी केली. गरिबाला तेव्हाही तिथे जागा नव्हती, आणि काहींना पैसे असूनही दार उघडले नाही. ते वैगुण्य झाकू नये. पण पुढच्या कायद्यांनी ते वैगुण्य दूर करण्याऐवजी मधल्या माणसाचीही वाट बंद केली.

आपल्या गावाच्या वेशीबाहेरही आज शेते बिगरशेती होत आहेत, प्लॉट आखले जात आहेत, पाट्या लागत आहेत. त्या पाट्यांवर ‘विकणे आहे’ हे शब्द जागोजाग दिसतात. ‘भाड्याने देणे आहे’ हे शब्द त्यांत किती ठिकाणी दिसतात, ते जाता जाता मोजून पाहा. गावाच्या शाळेत बदलून आलेला तरुण मास्तर, दवाखान्यातली परिचारिका, नव्याने लागलेला कारकून ह्यांना बिऱ्हाड कुठे मिळते, ते विचारून पाहा. घर बांधून पाहणारे आपल्या गावात पुष्कळ आहेत. ज्याला अजून बांधता येत नाही, त्यालाही जिथे अब्रूने बिऱ्हाड करता येते, ते गाव नांदते.